साहेबांच्या घशातला धोपा

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. लाखांदूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीच्या पोरांना पानाचा आडवा छेद, मुळाचा उभा छेद, फुलाचे भाग असं सगळं फळ्यावर रंगीत खडूनं काढून देतो. आकृत्या माझ्या सुंदर येतात असं पोरंच म्हणतात. फळ्यावरचं झाड मला कुठंही भेटलं तरी मी त्याला ओळखीन. अडचण जमिनीवरच्या झाडांची आहे. त्यांच्या बाजूला बाण काढून नावं लिहिलेली नसतात, आणि ती सगळी हिरवी असतात.

माझे बाबा गायकी होते. आमच्या झाडीपट्टीत गायकी म्हणजे गावाची ढोरं चारणारा माणूस. आम्ही गोंड. बाबांनी सारी उमर गावाच्या गायी-म्हशी घेऊन जंगलात घालवली, आणि त्यांच्या पोरानं एका प्रशिक्षणासाठी पुण्याला गेल्यावर काय केलं ते सांगतो. जेवताना शेजारच्या मास्तरांनी विचारलं, "वडील काय करायचे?" मी म्हणालो, "गायकी." ते एकदम सरसावून बसले. "अरे वा! कोणतं घराणं?" खरं सांगायला तोंडात घास होता, ही माझी पहिली सबब. घास गिळून झाल्यावर मी म्हणालो, "घराणं असं काही नाही, मोकळ्या हवेतलंच सगळं." पुढचे चार दिवस ते मास्तर मला फार मानानं वागवत होते. एकदा त्यांनी गुणगुणून दाखवायचा आग्रह केला, तेव्हा मी घसा बसल्याचं सांगितलं.

तर असा मी. आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. लोकांना सरळ रस्त्यांची, आखीव घरांची नवी वस्ती मिळाली. तिथे जंगल नव्हतं, बोडी म्हणजे गावतळं नव्हतं, गायीही फारशा उरल्या नाहीत. आई त्या वस्तीतच वारली. त्यानंतर बाबा एकटे राहायला लागले आणि गुडघाही कुरकुरू लागला, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी त्यांना लाखांदूरला घेऊन आलो. मोठा पराक्रम केल्यासारखा. त्यांच्यासाठी प्लास्टिकची हात असलेली खुर्ची आणली, टीव्हीसमोर ठेवली आणि म्हणालो, "बाबा, आता आराम करा." बाबांनी खुर्चीकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, आणि विचारलं, "गावात तलाव कोन्या बाजूले आहे?"

माझी मुलगी तेव्हा तिसरीतून चौथीत गेली होती. ताटातली भाजी वाटीखाली लपवणारी पोरगी. श्रावणातल्या एका रविवारी सकाळी ती आणि बाबा दोघंही घरात नव्हते. मी मोटरसायकल काढून गल्लीबोळ शोधले. शेवटी गावाबाहेरच्या बोडीच्या पारीवर, म्हणजे बांधावर, दोघं उकिडवे बसलेले दिसले, आणि पोरीच्या तोंडात कसलंतरी हिरवं पान होतं.

"थुंक! आधी थुंक!" मी गाडीवरूनच ओरडलो.

"काहून ओरडून राहिला?" बाबा म्हणाले. "केना आहे तो. तू लहानपणी बहुत खाल्ला आहे."

आता केना कळल्यावर मला लॅटिन नाव आठवलं. नाव आठवलं की मला ते बोलल्याशिवाय राहवत नाही. मी पोरीला म्हणालो, "याला कॉमेलिना बेंगालेन्सिस म्हणतात बरं का."

तिनं पान चावता चावता विचारलं, "पप्पा, हे नाव झाडाले माहीत आहे का?"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी दोघांना गाडीवर बसवून घरी आणलं, आणि वाटेत जंतूंविषयी बोललो.

त्यानंतर दर रविवारी दोघं जाऊ लागले. मी विरोध केला नाही. माझ्या विरोधाला घरात कोणी विचारत नव्हतं हे वेगळं. पहिले काही रविवार मी मागं मागं गेलो, शास्त्रशुद्ध देखरेख म्हणून. बाबांची शिकवण्याची तऱ्हा मला, एका प्रशिक्षित शिक्षकाला, अगदीच चुकीची वाटली. ते नाव सांगतच नसत. पोरगी विचारी, "आजा, हे काय आहे?" ते म्हणत, "नाव सगळ्याच्या शेवटी. नाव कळलं का माणूस पायनं सोडून देते."

"मग काय पाहू?"

"गाय खाते का ते पाय. गाय खाते म्हणून माणसानं खावं असं नाही. पण गाय ज्याले तोंड लावत नाही, त्याले आपण दोनदा विचारायचं."

"कोणाले विचारायचं?"

"त्यालेच. हुंगून पाय. मोडून पाय, चीक कसा निघते. पाण्यात उभं आहे का कोरड्यात. बाजूले कोण उभं आहे. मंग तेच सांगते."

मी तिथं उभा राहून मनात म्हणत होतो, याला काही अभ्यासक्रम नाही, उद्दिष्टं नाहीत, मूल्यमापन नाही. तेवढ्यात पोरीनं तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं, कोवळं पान चुरगाळून नाकाला लावलं आणि डोळे मिटून म्हणाली, "हे मागच्या रविवारचंच आहे." मूल्यमापन झालं होतं, मला कळलं नव्हतं.

खरं म्हणजे या शाळेत पहिला प्रवेश मला मिळाला होता. मी आठ वर्षांचा असताना बाबा मला ढोरांमागं नेत. मी म्हशीवर पुस्तक घेऊन बसे. बाबा खालून सांगत असत, हे पाय, ते पाय, आणि मी पान उलटत असे, पुस्तकाचं. एकदा पायाला जळू चिकटली तेव्हा मी एवढा रडलो की ढोरं बुजली आणि सांजेपर्यंत बाबा ती गोळा करत राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला बोलावलं नाही. मला वाटलं, सुटलो. पुढे शाळेच्या, कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढं मी 'शेती' लिहिलं. आमच्याकडे शेतीचा एक धुरा, म्हणजे बांधसुद्धा नव्हता.

पोरीनं एक वही केली होती. मागच्या वर्षीच्या गणिताच्या वहीची उरलेली पानं. त्यात ती झाडं काढायची, आणि आज्याच्या नियमाप्रमाणं पुष्कळ ठिकाणी नाव नसायचंच, नुसत्या खुणा. गायीचं तोंड काढलं असलं तर गाय खाते. गंज, म्हणजे भात शिजवायचं गोल बुडाचं भांडं, काढला असला तर शिजवायचं. काही पानांवर लाल तारा असे. मी वही चाळायचो आणि शुद्धलेखन सुधारायचो. 'वास्ते' हा शब्द तिनं बरोबर लिहिला होता; बांबूचे कोवळे कोंब. त्याचं चित्र मात्र मला पेन्सिलीचं वाटलं होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना तालुक्याला रानभाज्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि आमच्या कॉलेजलाही एक टेबल मिळालं. प्राचार्यांनी मला बोलावलं. "सर, हे काम तुमचंच. एकतर विषय तुमचा, आणि दुसरं म्हणजे तुम्ही त्याच मातीतले. तुमच्या तर रक्तातच असणार."

इथं माणसानं 'नाही सर, माझ्या रक्तात तपासलं तर फक्त गाइड सापडेल' असं म्हणायला हवं होतं. मी नम्र हसलो. असं नम्र हसू माझ्याकडे खास अशा प्रसंगांसाठी आहे.

घरी येऊन बाबांना विचारणं ही अर्ध्या मिनिटाची गोष्ट होती. ते ओसरीवर पोरीसोबत काटवलं, म्हणजे कर्टोली, चिरत बसले होते. पण ज्याच्याकडे पाठ फिरवून तीस वर्षं काढली, त्याच्यापुढं जाऊन 'बाबा, भाजी कोणती आणू' म्हणायला माझी जीभ वळेना. मी त्याऐवजी पोरगी शाळेत गेल्यावर तिच्या पुस्तकांच्या खणातून वही काढली. चोरी नाही, संदर्भग्रंथ.

एका पानावर मोठ्या, हृदयाच्या आकाराच्या पानाचं झाड होतं. खाली पाणी दाखवलं होतं, आणि वर तीन लाल तारे. धोपा! पुण्या-मुंबईकडे ज्याला अळू म्हणतात तो. त्याच्या वड्या सगळ्यांना आवडतात. आणि तीन तारे! मी स्वतः पोरांच्या वहीवर उत्तम कामाला एक तारा देतो. तीन तारे मी आजवर कोणालाच दिलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, काठानं पिशवी घेऊन निघालो. चिखलात उतरून तसलाच मोठ्या पानांचा धोपा पिशवीभर तोडला. सायकलवरून जाणाऱ्या एकानं थांबून विचारलं, "सर, काय करून राहिले?"

"संशोधन," मी म्हणालो.

बायको पवनीची. तिला धोपा नवा नाही. तिनं पानं उलटीसुलटी करून पाहिली. "का जी, हा कोठचा आणला? बाबांले दाखवला का?"

"एवढ्या-तेवढ्यासाठी त्यांना कशाला त्रास?"

"चिंच किती टाकू?"

"कमी टाक. मूळ चव आली पाहिजे," मी म्हणालो.

मूळ चव आली.

प्रदर्शनाच्या दिवशी शेजारच्या टेबलांवर बचत गटांच्या बाया होत्या. टोपल्यांत तरोटा, कुड्याची फुलं, काटवल, वास्ते. कुठं पाट्या नाहीत, सगळं तोंडी. माझ्या टेबलामागं मात्र पानाच्या आडव्या छेदाचं रंगीत चित्र, आणि ताटात वड्या. सगळ्यांत जास्त गर्दी अर्थातच वड्यांपुढं. उद्घाटनाला आलेले तालुक्याचे साहेब फिरत फिरत आले. भला माणूस होता. मी एक वडी पुढं केली, त्यांनी दोन उचलल्या. मीही विश्वास वाटावा म्हणून एक तोंडात टाकली आणि बोलायला सुरुवात केली. "सर, या पानांमध्ये कॅल्शियम भरपूर असतं."

कॅल्शियम होतं. सुयांच्या आकारात होतं. धोप्यासारख्या पानांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांना रॅफाइड्स म्हणतात, ते मी दर वर्षी अकरावीला आकृती काढून शिकवतो. हमखास येणारा प्रश्न आहे. पण माझ्या स्वतःच्या घशात जेव्हा कोणीतरी कुसळांचा पुडा उघडल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा मला ती आकृती आठवली नाही. मला वाटलं, मिरची जास्त झाली.

साहेब खाकरले. मग पुन्हा खाकरले. मग त्यांनी मान वर करून गळ्यावरून हात फिरवला, आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "सर, ही भाजी अशीच लागते का?"

"हो सर," मी म्हणालो. निदान म्हणायचं होतं. बाहेर आला तो आवाज बोडीतल्या बेडकाचा होता.

पाणी आलं. पाण्यानं खाज आणखी पसरली. कोणी डॉक्टर म्हणालं, कोणी गाडी म्हणालं. प्राचार्य माझ्याकडे असे पाहत होते की मला वाटलं, आता पोटातल्या जंतूंऐवजी खात्यातल्या चौकशीची काळजी करावी. त्याच वेळी गर्दीतून बाबा आणि पोरगी पुढं आले. पप्पाचं टेबल दाखवायला ती आज्याला हात धरून घेऊन आली होती.

बाबांनी साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ताटातली एक वडी उचलून उघडली आणि पान बोटांत चोळलं. घाई अशी काही नाहीच. मग पोरीला म्हणाले, "जा, त्या बाईजवळून चिंच आण. मोठा गोळा आण." तिनं धावत जाऊन शेजारच्या टेबलावरच्या बाईकडून चिंच आणली. बाबा साहेबांना म्हणाले, "भिऊ नका जी. ही चावा, गिळत राहा. थोड्या वेळानं उतरते." मग उरलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला, ढोराला पेंड द्यावी तसा.

आम्ही दोघं, एक राजपत्रित अधिकारी आणि एक व्याख्याता, सगळ्या तालुक्यासमोर डोळ्यांतून पाणी गाळत चिंच चोखत उभे राहिलो. आणि बाबांनी तेवढ्यात तास घेतला. माझ्या टेबलाखालच्या पिशवीतून उरलेलं एक पान काढून पोरीपुढं धरलं. "सांग बाई, काय चुकलं?"

तिनं देठ पाहिला, मोडला, हुंगला. "आजा, हा आपण खायचा धोपा नाही. हा खाजरा आहे. नहरावरचा. यावर मी तीन तारे काढले होते."

"तारे?" मी घोगऱ्या आवाजात म्हणालो. "तारे म्हणजे छान ना?"

"तारे म्हणजे टोचते!" ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. "पप्पा, तुमी माही वही घेतली?"

आजूबाजूच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "पोट्टी पास झाली, मास्तर नापास."

साहेबांचा घसा हळूहळू मोकळा झाला. रागावण्यासारखा माणूस असता तर माझं काही खरं नव्हतं, पण त्यांनी रुमालानं डोळे पुसले आणि बाबांकडे वळून विचारलं, "बाबाजी, तुम्ही कोण?"

बाबांनी ते पान परत पिशवीत ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला आत्ता कळतं की ते मला जागा देत होते. काही सांगायची नाही. काही न सांगता निसटायची. इतकी वर्षं देत आले होते तशी.

मी म्हणालो, "हे माझे बाबा."

घसा असा बसला होता की कोणालाच ऐकू गेलं नाही. साहेब म्हणाले, "काय?"

"माझे बाबा. गायकी होते."

"काय होते?"

पुण्याच्या मास्तरांपुढं खोटाच बसलेला घसा आता खरोखरच बसला होता. मग मी सारा जोर लावून ओरडलो. "माझे वडील! गावाची ढोरं चारत होते!" मांडवातला ध्वनिक्षेपकावर बोलणारा निवेदकसुद्धा थांबला. इतक्या मोठ्यानं ती गोष्ट सांगायची गरज नव्हती. पण बसलेल्या घशात मधला आवाज नव्हता.

साहेबांनी बाबांना हात जोडले आणि म्हणाले, "मग भाषण यांचं ठेवायला पाहिजे होतं." बाबांनी भाषण काही केलं नाही. ते शेजारच्या बाईच्या टोपलीजवळ खाली बसले आणि लोक विचारतील ते सांगत राहिले. पोरगी बाजूला उभी राहून, आजा थांबला की पुढचं सांगत होती. मी माझं चित्र गुंडाळलं आणि वड्या टाकून दिल्या. गायीपुढं नाही, तेवढं शिकलो होतो.

 घरी बायको आठवडाभर प्रत्येक भाजीत चिंच किती टाकू, असं मला विचारत होती.

पुढच्या रविवारी मी बाबांना म्हणालो, "मी येऊ का?" ते चपला घालत होते. म्हणाले, "मले काय विचारतोस? तिले विचार, ती पुढची आहे." पोरीनं अटी घातल्या. वहीला हात लावायचा नाही. लॅटिन बोलायचं नाही. प्रश्न विचारायचा तर आधी हुंगून विचारायचा. मी मान्य केलं. तेव्हापासून मी या शाळेतला शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी आहे. प्रगती म्हणाल तर तरोटा आता मी दहापैकी सात वेळा ओळखतो.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता बाबांना नव्या वस्तीत काही कागदांवर सह्या करायच्या होत्या, म्हणून आम्ही तिघं एसटीनं गेलो. काम लवकर आटोपलं. बाबा म्हणाले, "पाण्यापर्यंत जाऊन येऊ." काठाशी उभं राहून त्यांनी पोरीला पाण्यावर बोट करून दाखवायला सुरुवात केली. "तो डोंगा दिसते का? त्याच्या अलीकडं वारूळ होतं. पहिल्या पावसात टेकोडे निघत, एवढाले." टेकोडे म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या अळंब्या. "तिथं मोहाची तीन झाडं. तुह्या आजीचं एक होतं त्यात. तिथून जरा डाव्या हातानं गेलं का चार पिकत." चार म्हणजे चारोळीचं फळ. डोंग्यातला मासे धरणारा माणूस आमच्याकडे पाहत होता, आम्ही त्यालाच काही दाखवतोय असं वाटून त्यानं हात हलवला. पोरगी नेहमीप्रमाणं वहीत काढत होती. बाबा सांगतील तिथं झाडं काढत होती, आणि त्यांच्यावरून निळ्या खडूच्या लाटा.  त्या गावच्या एकाही झाडाची मला आठवण नव्हती. म्हशीवर बसून वाचलेल्या पुस्तकाची होती.

परतताना कोंढ्याच्या फाट्यावर बसची वाट पाहत उभे होतो. बाजूच्या कुंपणावर एक वेल चढली होती, पिवळ्या फुलांनी भरलेली. पोरगी म्हणाली, "काटवल! आजा, याले फळं काहून नाहीत?"

बाबा काही बोलायच्या आत मी वेलीत शिरलो. एकेक फूल वाकवून पाहिलं. फुलाच्या खाली जी इवली काटेरी गाठ असायला हवी, ती एकाही फुलाला नव्हती. मी हुंगलंसुद्धा, त्याची गरज नसताना. "ही नर वेल आहे," मी म्हणालो. "हिला फळं येणारच नाहीत. मादी वेल वेगळी असते, इथंच कुठं तरी असेल." आणि पाच पावलांवर, बाभळीच्या आत, ती होती. खाली चार काटवलं लोंबत होती.

बाबांनी वाकून पाहिलं आणि मान हलवली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "आलं याले काही."

या तीन शब्दांनी मी असा फुगलो की नर फूल आणि मादी फूल हातात धरून मी दोघांना फाट्यावरच समजावू लागलो. परागकण, कीटक, सगळं. लॅटिनही बोललो. पोरगी मध्येच माझी बाही ओढत होती, पण मी तिला म्हणालो, "प्रश्न शेवटी." एसटी आली, जरा हळू झाली, कोणी हात करत नाही असं पाहून निघून गेली.

पुढची दीड तासानं होती. आम्ही कुंपणाशेजारी दगडावर बसलो, आणि पोरीनं विचारलं, "मंग आता सांगा, बाकीचं."